तीन अक्षरी, शेवटी ‘दर’: मोजक्या अक्षरांचे शब्द आणि १९५७ चा निकाल

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचमध्ये आम्ही आज जे पाहिलं, तिथूनच सुरुवात करू. समोरच्या बाकावर एक आजोबा वर्तमानपत्राची चौघडी करून, गुडघ्यावर धरून शब्दकोडं सोडवत होते. शेजारची मुलगी मोबाइलवर तसलंच काहीतरी करत होती. थोड्या वेळाने आजोबांनी न राहवून तिला विचारलं, “चार अक्षरी, दुसरं अक्षर ‘रा’, सांग बघू.” तिने एक शब्द सुचवला, त्यांनी बोटांवर मोजला आणि मान हलवली. “हा पाच अक्षरी झाला.” ती म्हणाली, “चारच आहेत.” धक्का येईपर्यंत दोघांचं एकमत झालं नव्हतं.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. ठरावीक लांबीचा, ठरावीक अक्षरं असलेला शब्द शोधायचा. दिसायला हा फावल्या वेळचा उद्योग आहे. पण या उद्योगापायी एके काळी मुंबई राज्याच्या सरकारने कायदा केला, त्यावर उच्च न्यायालयात दोन वेळा हार खाल्ली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात जाऊन ऋग्वेदापर्यंतचे दाखले निघाले. तिथे आपण पोचणार आहोत. वाटेत थोडं कवितेच्या गावाला थांबू, कारण मराठी माणसाला अक्षरं मोजायची सवय छापील कोड्याने लावलेली नाही.

आधी मोजमापाचं बघू. ‘मोरा’ या शब्दात अक्षरं किती? कोणतंही शाळकरी पोर सांगेल, दोन. कोड्याच्या चौकटीतही दोनच घरं लागतील, एका घरात ‘मो’ आणि दुसऱ्यात ‘रा’. पण संगणकाला विचारलंत तर तो म्हणेल चार, कारण त्याच्या साठवणीत म, ओकाराची मात्रा, र आणि काना अशा चार वेगळ्या खुणा असतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरी, कारण ‘ष्ट्र’ एकाच घरात बसतं. संगणकाच्या हिशेबात तो दहा खुणांचा, आणि इंग्रजीत लिहाल तर अकरा. म्हणजे एकाच राज्याच्या नावाच्या तीन लांब्या झाल्या. लाँचमधल्या भांडणाचं मूळही बहुधा असंच काहीतरी असावं. मोजायचं काय, हे ठरवल्याशिवाय मोजता येत नाही.

आपण अक्षर मोजतो ते उच्चाराने मोजतो. स्वर आला की अक्षर पुरं झालं. म्हणून इंग्रजी कोड्याची चौकट आणि मराठी कोड्याची चौकट दिसायला सारखी असली तरी आतून फार वेगळ्या आहेत. इंग्रजीत एका घरात येऊ शकणारी अक्षरं २६. आपल्याकडे क पासून ज्ञ पर्यंत ३६ व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर ४३२ होतात, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. ‘मोरा’ उभा लिहिला तर खालच्या घरातून आडवा जाणारा शब्द ‘रा’च घेऊन गेला पाहिजे. ‘राजा’ चालेल, ‘तारा’ चालेल. ‘रस’ चालणार नाही, ‘रीत’ चालणार नाही. कोडं रचणाऱ्याचे यात हाल होतात. सोडवणाऱ्याची मात्र चंगळ असते, कारण त्याला एक घर कळलं की व्यंजन आणि स्वर दोन्ही फुकटात मिळतात. शिवाय रचणाऱ्याला ‘ण’ आणि ‘ळ’ ही दोन अक्षरं छळतात. त्यांनी सुरू होणारे मराठी शब्द नाहीतच म्हटलं तरी चालेल. भेंड्या खेळताना ‘ळ’वर गाणं संपवून समोरच्या पार्टीला कोंडीत पकडणारे मामा प्रत्येकाच्या घरात असतात. कोडं रचणारा स्वतःच स्वतःचा तसला मामा होतो.

आता कवितेकडे. ठरावीक लांबीचा शब्द हवा असण्याची गरज सगळ्यांत आधी कवींना पडली. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार असं अक्षरांचं. संस्कृतातून आलेल्या अक्षरगणवृत्तांत तर नुसती संख्या पुरत नाही, कोणत्या जागी लघु आणि कोणत्या जागी गुरु तेही ठरलेलं. भुजंगप्रयाताच्या ओळीत बारा अक्षरं, मंदाक्रांतेत सतरा, शार्दूलविक्रीडितात एकोणीस. मंगलाष्टकं बहुतेक या शार्दूलविक्रीडितातच असतात. लग्नघरात ज्या काकांनी किंवा आत्याबाईंनी नवरा-नवरीची नावं गुंफून घरगुती मंगलाष्टकं रचलीत, त्यांना आमचा मुद्दा पटकन कळेल. समजा नवरदेवाचं नाव रमेश. र लघु, मे गुरु, श लघु. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस जागांत लघु-गुरु-लघु असा तुकडा दोनच ठिकाणी येतो. पाचव्या अक्षरापासून किंवा सातव्यापासून. तिथेच रमेशरावांना उभं करायचं आणि बाकीची ओळ त्यांच्या अवतीभोवती बांधायची. हे चौकटीतलं कोडंच झालं की! फक्त चौकट दिसत नाही, कानाला लागते. आणि जमलं नाही तर भर मांडवात भटजी अडखळतात.

शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही, ही एक गंमत बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. कोश म्हणून त्याची थोरवी कोणी नाकारत नाही. पण कोश लावलेला असतो पहिल्या अक्षरावरून. शेवटी ‘दर’ येणारे तीन अक्षरी शब्द हवे असतील तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावं लागेल. कवीला आणि कोडंवाल्याला शब्द हवा असतो तो शेपटाकडून किंवा पोटातून. ती यादी छापील कोशात नसते, ती डोक्यात तयार करावी लागते.

या डोक्यातल्या यादीचा आपल्याकडचा सर्वांत मोठा धनी कोण म्हणाल, तर मोरोपंत. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. कर्मभूमी बारामती, निधन १७९४ चं. त्यांनी रामायणं लिहिली ती एक-दोन नव्हेत, कितीतरी, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःहून अक्षरांची अट घालून घेतली. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लागणारं अक्षर वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म हे पाचही बाद. उकारही ओष्ठ्यच, ओ आणि औ उच्चारताना ओठ लागतात, व म्हणताना ओठाला दात टेकतो. आता विचार करा. ‘राम’ या शब्दात म आहे. म्हणजे रामायण लिहायचं आणि रामाचं नावच घ्यायचं नाही! कवीला स्वतःचं नावही लिहिता येणार नाही, कारण ‘मोरोपंत’मध्ये म आहे, ओ आहे, प आहे. आपलं ‘मोरा’ गावही त्या काव्यात येऊ शकलं नसतं. पंडिती काव्याला नावं ठेवणाऱ्यांनी याला कसरत म्हटलंय. कसरत आहेच, आम्ही नाही म्हणत नाही. पण जत्रेतल्या तारेवरच्या पोरीकडे बघताना आपण ‘ही सरळ रस्त्याने का चालत नाही’ असं विचारतो का?

या कसरतीत एक गोष्ट मात्र चोख होती. अट सगळ्यांसमोर मांडलेली असायची. ऐकणाऱ्याने हवं तर तपासून घ्यावं, ओठ लागतो की नाही. आता ज्या भागाकडे जातोय तिथे हीच गोष्ट बिनसली.

चौकटीचं कोडं पहिल्यांदा छापलं गेलं २१ डिसेंबर १९१३ रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत. रचणारा आर्थर विन. ती चौकट चौकोनी नव्हती, शंकरपाळ्यासारखी होती. १९२४ साली अमेरिकेत कोड्यांचं पुस्तक निघालं आणि त्याचं वेडच लागलं. पुढे इंग्लंडातल्या पत्रांना सुचलं की कोड्याला बक्षीस लावलं, प्रवेशिकेला फी ठेवली, तर कोडं हे करमणुकीचं सदर राहत नाही, तो धंदा होतो. हा धंदा मुंबईतही आला. मुंबई इलाख्यात बक्षिसी स्पर्धांवर कर बसवणारा कायदा १९३९ सालीच झालेला होता, यावरून तो किती फोफावला होता याचा अंदाज येतो.

हा धंदा चालायचा कसा, ते समजून घेऊ. उदाहरण आम्ही स्वतः केलेलं आहे, जुन्या कुठल्या कोड्यातलं नाही. शोधसूत्र असं: ‘सुनेने सासरी हे सांभाळावं’. तीन अक्षरी. शेवटची दोन अक्षरं दिलेली आहेत, ‘दर’. पहिलं घर रिकामं. कोणी म्हणेल ‘पदर’, कोणी म्हणेल ‘आदर’. एखादा खवचट म्हणेल ‘उदर’, आणि तोही चुकला असं म्हणता येणार नाही. तिन्ही शब्द भाषेत आहेत, तिन्ही चौकटीत बसतात, तिन्ही वाक्यात शोभतात. मग बरोबर कोणता? बरोबर तो, जो स्पर्धा चालवणाऱ्यांनी आधीच ठरवून पाकिटात मोहोरबंद करून ठेवलाय! तुमचं भाषाज्ञान तुम्हाला ‘पदर, आदर, उदर’ इथपर्यंत आणून सोडतं. पुढचं पाऊल नशिबाचं.

आता हिशेब करा. अशी दहा शोधसूत्रं, प्रत्येकाला दोन-दोन उत्तरं शक्य. सगळ्या जुळण्या भरायच्या तर २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४ प्रवेशिका. समजा एका प्रवेशिकेला चार आणे. रुपयाला चार प्रवेशिका, तर २५६ रुपये झाले. १९५० च्या आसपासचे २५६ रुपये, बरं का. आणि प्रत्येक ठिकाणी दोनाऐवजी तीन उत्तरं शक्य असली तर आकडा ५९,०४९ वर जातो. सगळ्या प्रवेशिका कोणी भरत नसे. माणूस दोन भरायचा, चार भरायचा, आणि निकाल लागला की त्याला वाटायचं, अरेरे, एकाच घराने चुकलो! ‘आदर’ लिहिणार होतो, हात ‘पदर’कडे गेला. सोडत चुकली तर माणूस नशिबाला बोल लावतो. कोडं चुकलं तर तो स्वतःच्या अकलेला बोल लावतो आणि पुढच्या आठवड्यात अक्कल सिद्ध करायला पुन्हा पैसे भरतो. या धंद्याची खरी मेख आम्हाला इथे दिसते.

१९४८ साली मुंबई सरकारने नवा कायदा केला. सोडती आणि बक्षिसी स्पर्धा यांचं नियंत्रण आणि त्यांच्यावर कर, असं त्याचं स्वरूप. १ डिसेंबर १९४८ पासून तो लागू झाला. मोऱ्याच्या लोकांना एक तुलना सुचेल म्हणून सांगतो. आपला हा उरण-मोरा पट्टा एकोणिसाव्या शतकात मिठागरांसाठी जितका ओळखला जायचा तितकाच मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी. त्याच सरकारने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. म्हणजे दारूला बंदी, आणि कोड्याला परवाना आणि कर. बाटली वाईट, पण मोहोरबंद पाकिटातून सरकारला वाटा मिळाला तर चालेल, असं कोणी म्हटलं असतं तर उत्तर देणं कठीण गेलं असतं.

या कायद्यात एक भगदाड होतं. मुंबई प्रांताबाहेर छापून प्रसिद्ध होणाऱ्या वर्तमानपत्रातल्या स्पर्धांना तो लागू नव्हता. बंगळूरला ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघे आणि त्यातून ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’ या नावाची स्पर्धा चाले. कंपनी म्हैसूर राज्यात नोंदलेली, तिचे संस्थापक आणि व्यवस्थापकीय संचालक आर. एम. डी. चमारबागवाला. पण या साप्ताहिकाचा मोठा खप होता मुंबई राज्यात. प्रवेशिका आणि फी गोळा करायला राज्यात ठिकठिकाणी केंद्रंही होती. कोडं म्हैसुरात छापलं जायचं, पैसे मुंबई राज्यातल्या खिशातून निघायचे. ‘मुंबई राज्य’ म्हणजे नुसतं शहर नव्हे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं हे मोरा बंदरही त्याच राज्यात होतं. १९५२ साली सरकारने कायद्यातले ते सूट देणारे शब्द काढून टाकले आणि बाहेर छापलेल्या स्पर्धाही कराच्या जाळ्यात घेतल्या. चमारबागवाला उच्च न्यायालयात गेले.

उच्च न्यायालयात ते जिंकले. सरकारने तिथेच अपील केलं, ते मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठापुढे आलं, आणि तिथेही निकाल चमारबागवालांच्याच बाजूने लागला, कारणं वेगळी असली तरी. मग प्रकरण दिल्लीला गेलं. इकडे संसदेने १९५५ साली देशपातळीवरचा बक्षिसी स्पर्धांचा कायदा केला. त्याची व्याख्या आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची बांधणी, मांडणी, जुळणी किंवा क्रमबदल यांवर आधारलेलं कोडं सोडवण्यासाठी जिथे बक्षीस ठेवलं असेल ती बक्षिसी स्पर्धा, मग तिला नाव काहीही द्या. अक्षरं जुळवून शब्द करणं या क्रियेची कायद्यात केलेली इतकी नेमकी व्याख्या आम्ही दुसरी वाचलेली नाही. अटी अशा: महिन्याला बक्षिसांची एकूण रक्कम हजार रुपयांहून जास्त नको, प्रवेशिका दोन हजारांहून जास्त नकोत, आणि परवाना हवाच. हजार रुपयांच्या बक्षिसावर कोणाचा धंदा चालणार? हेतूच तो होता.

या कायद्यालाही आव्हान दिलं गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांचे निकाल दिले. मुंबईच्या कायद्यावरचा निकाल मुख्य न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांचा, केंद्राच्या कायद्यावरचा न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांचा.

दास यांच्यापुढचा मूळ प्रश्न साधा होता. राज्यघटनेने धंदा-व्यापाराचं स्वातंत्र्य दिलंय. मग जुगार हा धंदा आहे का? उत्तर देताना त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त काढलं, महाभारत काढलं, मनू आणि याज्ञवल्क्य काढले. त्या सूक्ताला आपण अक्षसूक्त म्हणतो. अक्ष म्हणजे फासा. (अक्षर आणि अक्ष यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, ‘अक्षर’ म्हणजे न झिजणारं. पण या खटल्यात दोघं एका पाटावर येऊन बसली खरी.) निष्कर्ष असा की जुगार या देशात कधीच मानाचा व्यापार नव्हता, त्यामुळे त्याला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण मिळत नाही. आणि हे कोडं जुगार आहे का? तर आहे, कारण अनेक उत्तरं सारखीच बरोबर असू शकतात आणि स्पर्धकाला बरोबर उत्तर शोधायचं नसून मंडळाने निवडलेलं उत्तर ओळखायचं आहे. याआधी १९३६ साली इंग्लंडातल्या एका निकालात अशा स्पर्धेला न दिसणाऱ्या लक्ष्यावर आंधळेपणाने मारलेल्या नेमाची उपमा दिली होती, तिचाही आधार होता. सरकार जिंकलं.

दुसरा निकाल आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. चमारबागवालांचा युक्तिवाद बिनतोड होता. ते म्हणाले, संसदेची व्याख्या इतकी पसरट आहे की तीत खरोखर बुद्धीने सुटणारी कोडीही येतात, आणि बुद्धीच्या खेळावर हजार रुपयांची मर्यादा घालणं अन्याय्य आहे. न्यायालयाने उत्तर दिलं की कायद्याचा हेतू पाहिला तर तो फक्त जुगारी स्पर्धांसाठी आहे. ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून आहे तिला तो लागूच होत नाही. शब्दशः वाचलं तर दोन्ही प्रकार व्याख्येत येतात हे मान्य, पण ते वेगळे काढता येतात.

म्हणजे ‘पदर की आदर’ हे कोडं गुन्ह्याच्या बाजूला गेलं, आणि ज्याला एकच पक्कं उत्तर आहे ते कोडं मोकळं सुटलं. शोधसूत्र असं हवं की दुसरा शब्द बसूच नये, हा कोडं रचणाऱ्यांचा आपापसातला इमान होता. त्या दिवशी तो देशाच्या कायद्याची कसोटी झाला. आमची एकच तक्रार आहे. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे किती, हे न्यायालयाने मोजून दिलं नाही. पुढे १९६७ साली रमीच्या खटल्यात हीच कसोटी लावून रमी कौशल्याचा खेळ ठरला, आणि त्या खिडकीतून नंतर मोबाइलवरचे पैशाचे खेळ आत आले. प्रत्येकाची जाहिरात एकच, की हा कौशल्याचा खेळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य असो, नशीब असो, की दोन्हींची सरमिसळ, पैसे लावून जिंकायचा खेळ असेल तर तो बंद. अडुसष्ट वर्षं ज्या रेषेवर वाद चालला, ती रेषाच ऑनलाइन खेळांपुरती पुसून टाकली.

छापील शब्दकोडं यात कुठेच येत नाही, हे आजोबांसाठी सांगून ठेवतो. त्यांनी लाँचचं तिकीट काढलं, पेपरला पैसे मोजले, कोड्याला काही मोजले नाहीत. उत्तर उद्याच्या अंकात येईल. आणि दोन शब्द बसत असतील तर ते संपादकांना पत्र लिहून भांडतील. हे भांडण ‘स्पोर्टिंग स्टार’शी करता येत नव्हतं, कारण तिथे पाकिटातलं उत्तर अंतिम असे, तो खेळच त्यावर उभा होता.

आता प्रश्न घेऊ. बाहेर ओहोटी लागलीय, आणि गाळामुळे पुढच्या लाँचचं काही खरं नसतं हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. ज्यांना पलीकडे जायचंय त्यांनी आधी विचारा. इथल्यांना नवी रेल्वे आहेच.